तिखट बदनाम, मीठ मोकाट

डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने जून २०२४मध्ये तीन प्रकारचे कोरियन नूडल्स दुकानांतून मागे घ्यायला लावले. यातलं तिखट इतकं जहाल आहे की खाणाऱ्याला विषबाधा होऊ शकते, असं कारण दिलं. घरात पाकीट असेल तर फेकून द्या नाहीतर दुकानात परत करा, असंही लोकांना सांगितलं. पाकिटं साम्यांग या कंपनीची आणि नाव बुलदाक. काळ्या पाकिटावर तोंडातून आग ओकणारी चिडकी कोंबडी असते. पुण्या-मुंबईतल्या शाळा-कॉलेजातल्या पोरांना ती आता घरच्यासारखी ओळखीची आहे.

बातमी आली तशी जगभर खिल्ली उडाली. बटाटा आणि मासळीवर वाढलेल्या लोकांना तिखट ते काय कळणार, असा सूर. नागपुरात सावजी रस्सा ओरपणाऱ्याला किंवा कोल्हापुरात तांबड्याची तिसरी वाटी मागणाऱ्याला हसू येणारच. पण हसण्याच्या नादात पुढचा भाग बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटला. महिन्याभराने, जुलैमध्ये, प्रशासनाने हिशोब पुन्हा मांडला. तिखटाचं म्हणजे कॅप्सेसिनचं प्रमाण आधी अख्ख्या १४० ग्रॅमच्या पाकिटावर धरलं होतं. प्रत्यक्षात ते असतं सॉसच्या पुडीत, आणि पुडी साधारण ३१ ग्रॅमची. म्हणजे आकडा चौपटीहून जास्त फुगलेला. तीनपैकी दोन प्रकार पुन्हा विक्रीला खुले झाले, सगळ्यांत जहाल 'थ्री-एक्स' तेवढा बंदच राहिला.

या सगळ्या गदारोळात पाकिटाच्या मागच्या बाजूचा तक्ता कोणी वाचल्याचं दिसलं नाही. बातमीत तिखट होतं, खुलाशात तिखट होतं, विनोदातही तिखटच होतं. मीठ कुठेच नव्हतं.

म्हणून आधी तो तक्ताच वाचू.

साध्या बुलदाकचं एक पाकीट १४० ग्रॅमचं. कोरियातल्या तक्त्यानुसार त्यात ५३० कॅलरी, कर्बोदकं ८५ ग्रॅम, चरबी १६ ग्रॅम, प्रथिनं १२ ग्रॅम, सोडियम १२८० मिलिग्रॅम. हिशोब जुळतो का बघायचा असेल तर सोपं आहे. कर्बोदक आणि प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, चरबीच्या एका ग्रॅमला नऊ. ८५ चोक ३४०, बारा चोक ४८, सोळा नव्वे १४४. बेरीज ५३२. तक्ता खोटं बोलत नाही, फक्त बारीक अक्षरात बोलतो.

यातली चरबी जवळजवळ अर्धी संपृक्त आहे, आठ ग्रॅमच्या घरात. आपल्याकडच्या लेबलच्या नियमांत संपृक्त चरबीची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात. एका पाकिटात तिसऱ्या हिश्शाहून जास्त संपली. सोडियमचं मीठ करायचं तर अडीचने गुणायचं, की उत्तर येतं ३.२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दोघी सांगतात की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये. उरलेल्या १.८ ग्रॅममध्ये दोन वेळचं जेवण, लोणचं, पापड, फरसाण, पाव आणि चहासोबतची खारी बसवायची. बसत नाही हे उघड आहे. भारतीय माणूस तसाही रोज आठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो.

आता गंमत बघा. कोरियातलाच दुसरा नामांकित ब्रँड म्हणजे नॉंगशिम कंपनीचा शिन राम्यन, १९८६पासून बाजारात असलेला. रस्सेदार आणि बुलदाकच्या मानाने सौम्य. डेन्मार्कने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या १२० ग्रॅमच्या पाकिटात सोडियम आहे १७९० मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास मीठ. तिखट कमी आणि मीठ जास्त. तिखटावरून पाकिटाची पारख करणारा माणूस इथे सपशेल फसतो.

अर्थात रस्सेदार नूडल्समध्ये एक पळवाट असते. मिठाचा मोठा भाग रश्श्यात उतरतो आणि रस्सा वाडग्यात सोडता येतो. बुलदाकमध्ये तीही नाही. पाकिटावरची कृती अशी: ६०० मिलिलिटर पाण्यात नूडल्स पाच मिनिटं उकळा, आठेक चमचे पाणी ठेवून बाकीचं ओतून द्या, सॉस घाला आणि अर्धा मिनिट परता. ओतून दिलेल्या पाण्याबरोबर कणकेतलं थोडं मीठ जातं, पण खरा साठा असतो सॉसमध्ये आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत नूडल्सना चिकटतो. आपल्या मॅगीछाप नूडल्सचीही गत तीच आहे. दीड कप पाणी घालायचं आणि ते आटू द्यायचं. रस्सा उरतच नाही, मग सोडायचा काय?

सत्तरेक ग्रॅमच्या भारतीय पाकिटात तीनशेच्या आगेमागे कॅलरी आणि ब्रँडनुसार सातशे ते हजार मिलिग्रॅम सोडियम असतं. दिसायला आकडा निम्मा. पण आपल्याकडे तक्त्याचा ठळक रकाना १०० ग्रॅमचा असतो, पाकीट ७० ग्रॅमचं, आणि हॉस्टेलवरचा मुलगा एका वेळी दोन फोडतो. या तीन आकड्यांचा मेळ भुकेल्या पोटी रात्री साडेअकराला कोण घालणार?

तिखटाच्या बाजूने आता थोडी वकिली करतो, कारण त्याच्यावर अन्याय झालाय असं माझं मत आहे.

तिखट ही जिभेच्या लेखी चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी यांच्यासाठी जिभेवर रुचिकलिका आहेत. तिखटासाठी एकही नाही. कॅप्सेसिन जाऊन बसतं ते उष्णतेची आणि वेदनेची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंवर. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये टीआरपीव्ही-१ नावाचा तो ग्राहक शोधून काढला आणि २०२१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाळिसेक अंशांच्या वरची उष्णता जाणवली की हा ग्राहक उघडतो, आणि मिरची लागली तरी तोच उघडतो. त्यामुळे मेंदूला वाटतं तोंड भाजलं. घाम सुटतो, नाक वाहतं, डोळे भरून येतात. प्रत्यक्षात काहीही भाजलेलं नसतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग विझत नाही. दूध किंवा ताक घेतलं तर त्यातलं केसीन त्याला ओढून नेतं. रश्श्यासोबत दही मागवणाऱ्या माणसाने हे रसायनशास्त्र न शिकता आत्मसात केलेलं असतं.

तिखटाला कॅलरी म्हणावी अशी नाही, सोडियम नाही, चरबी नाही. उलट एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे. चीनमधल्या संशोधकांनी ६०६ माणसांचा अभ्यास करून २०१७मध्ये 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. ज्यांना तिखट आवडतं ती माणसं मीठ कमी खातात आणि त्यांचा रक्तदाबही कमी आढळतो. तिखटामुळे मेंदूला खारटपणा अधिक ठळक जाणवतो, त्यामुळे कमी मिठात भागतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. एका अभ्यासावर इमारत उभी करू नये हे खरं. पण स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही हे पटेल. रक्तदाबाच्या माणसासाठी अळणी भाजी करायची वेळ येते तेव्हा हिरवी मिरची, लिंबू आणि कोथिंबीरच तिला तारतात.

म्हणजे तिखट हा मिठाला पर्याय होऊ शकला असता. नूडल्सच्या कारखान्यात त्याला मिठाचा जोडीदार करून टाकलं. दोन्ही भरपूर घातलं, वर साखर घातली, आणि मग आगीच्या धुरात मीठ किती आहे हे जिभेला कळेनासं झालं.

तिखट अगदी निरपराध आहे असंही नाही. डेन्मार्कची काळजी पोकळ नव्हती, हिशोब चुकला एवढंच. लहान मुलाचं वजन कमी असतं, तेवढंच कॅप्सेसिन त्याला जास्त बाधतं. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने एका जेवणात शरीराच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅप्सेसिन घेऊ नये. अमेरिकेत २०२३मध्ये एक जहाल चिप खाण्याची पैज लावलेला चौदा वर्षांचा मुलगा दगावला. शवविच्छेदनात त्याचं हृदय मुळातच वाढलेलं आढळलं, आणि कॅप्सेसिनचा उल्लेखही अहवालात होता. दम्याच्या, पित्ताच्या, अल्सरच्या माणसाने या पैजांपासून लांब राहावं. पण हा धोका पैजेचा आहे, रोजच्या खाण्याचा नाही. पैज वर्षातून एकदा लागते. मीठ रोज लागतं.

पैजेचं खूळ कुठून आलं तेही सांगण्यासारखं आहे. साम्यांगच्या किम जंग-सू सोलमधल्या म्यंगडाँग भागात गेल्या असताना एका जहाल तिखट खानावळीसमोर तरुणांची रांग पाहून थबकल्या, आणि २०१२मध्ये बुलदाक बाजारात आला. सुरुवातीला कोरियन लोकांनाच तो झेपेना. मग २०१४मध्ये 'कोरियन इंग्लिशमन' या यूट्यूब वाहिनीवर लंडनकरांना ते नूडल्स खायला घालून त्यांची त्रेधा दाखवली गेली. तिथून 'फायर नूडल चॅलेंज' सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. जगभरची पोरं कॅमेऱ्यासमोर रडू लागली आणि कंपनीची फुकट जाहिरात झाली. कंपनीची बहुतेक विक्री आता कोरियाच्या बाहेर होते.

याच साम्यांगची जुनी गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यासाठी नूडल्स तळतात कशाला, हे आधी समजून घ्यावं लागेल.

जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा गावी मोमोफुकु आंदो यांनी घराच्या परसातल्या खोपटात प्रयोग करून १९५८मध्ये पहिले झटपट नूडल्स काढले. उकळतं पाणी घातलं की दोन-तीन मिनिटांत मऊ होतील आणि महिनोन्‌महिने टिकतील असे नूडल्स त्यांना हवे होते. उन्हात वाळवलेली शेवई टिकते, पण शिजायला वेळ घेते. उत्तर सापडलं तळणीत. मैद्याची कणीक मळायची, लाटून शेवया कापायच्या, वाफवून घ्यायच्या म्हणजे पिठूळपणा जातो. मग १४० ते १६० अंशांच्या तेलात मिनिट-दोन मिनिटं सोडायच्या. शेवईतलं पाणी वाफ होऊन फुटून बाहेर पडतं आणि मागे असंख्य बारीक छिद्रं राहतात. ओलावा पाच टक्क्यांच्या खाली जातो म्हणून बुरशी धरत नाही. त्याच छिद्रांतून पुढे उकळतं पाणी आत शिरतं म्हणून झटपट शिजतं. सगळी करामत त्या छिद्रांची. पण पाणी बाहेर गेलं त्या वाटेने तेल आत येतं. तळलेल्या वडीच्या वजनात १५ ते २० टक्के तेल असतं. पाकिटावरच्या सोळा ग्रॅम चरबीचं मूळ इथे आहे. वरून ओतलेली फारशी नसते, ती बहुतेक शेवईच्या पोटातच मुरलेली असते.

कणकेत अजून एक गोष्ट घालतात, पोटॅशियम आणि सोडियमचे कार्बोनेट क्षार. शेवईला पिवळसर छटा आणि चिवटपणा त्यांच्यामुळे येतो. पाकिटावर '५०१' आणि '५००' असे आकडे दिसले की अनेकांच्या पोटात गोळा येतो. आपल्या पापडखाराच्या कुळातलेच हे क्षार. त्यांना भिण्याचं कारण नाही. फक्त सोडियमच्या बेरजेत तेही थोडी भर घालतात.

तर साम्यांग. कोरियन युद्धानंतरच्या भुकेल्या सोलमध्ये, नामदेमुन बाजारात, अमेरिकी छावण्यांतल्या खरकट्याची पेज पाच वोनला विकली जायची आणि लोक तिच्यासाठी रांग लावायचे. ते दृश्य जॉन जंग-यून या उद्योजकाने पाहिलं. जपानच्या म्योजो कंपनीकडून तंत्र घेऊन सप्टेंबर १९६३मध्ये त्यांनी कोरियातलं पहिलं राम्यन विक्रीला काढलं, किंमत दहा वोन. पोट भरणं आणि तेही स्वस्तात, एवढाच त्याचा हेतू होता. तेव्हाच्या कोरियात कॅलरी कमी पडत होत्या, जास्त नव्हत्या. नूडल्सचा जन्मच उपासमारीवरचा उतारा म्हणून झाला, हे त्यांच्यावर टीका करताना ध्यानात ठेवलेलं बरं.

साम्यांग आपले नूडल्स गोमांसाच्या चरबीत तळायची. नोव्हेंबर १९८९मध्ये आरोप झाला की ही चरबी खाण्याच्या दर्जाची नाही, औद्योगिक वापराची आहे. देशभर काहूर उठलं. कारखाना बंद, माल नष्ट, माणसं बेकार, अधिकाऱ्यांवर खटले. एकेकाळची पहिल्या क्रमांकाची कंपनी कोसळली आणि आधीच पुढे गेलेल्या, पाम तेल वापरणाऱ्या नॉंगशिमने आपली जागा घट्ट केली. खटला चालत राहिला. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साम्यांगला निर्दोष ठरवलं. तोवर कोरियातला सगळा उद्योग पाम तेलाकडे वळून चुकला होता.

आता पोषणाच्या अंगाने पाहा. पाम तेलात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते. गोमांसाच्या चरबीतही साधारण तेवढीच. आठ वर्षं कोर्टकचेरी झाली, एक उद्योग उलटापालटा झाला आणि खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने काहीही बदललं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये साम्यांगने 'साम्यांग १९६३' या नावाने पुन्हा तीच चरबी वापरलेलं राम्यन काढलं, चढ्या किमतीला, जुन्या चवीची आठवण म्हणून.

आपल्याकडचा २०१५ सालचा मॅगीचा वादही मला याच जातीचा वाटतो. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून उचललेल्या नमुन्यात शिसं मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आढळलं, शिवाय 'एमएसजी घातलेलं नाही' असं लिहूनही ग्लुटामेट सापडलं. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर बंदी घातली. मॅगी रस्त्यावर जाळली गेली, दुकानदारांनी खोकी परत पाठवली. नेस्ले मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती आणि तपासणी ज्या प्रयोगशाळांत झाली त्यांना रीतसर मान्यता नव्हती, असे आक्षेप न्यायालयाने नोंदवले आणि तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितली. तिथे शिसं मर्यादेत निघालं. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मॅगी पुन्हा दुकानात.

शिसं ही गंभीरच बाब आहे, तिची तपासणी व्हायलाच हवी. पण त्या पाच महिन्यांत घराघरांत जी चर्चा झाली ती शिसं आणि 'अजिनोमोटो', म्हणजे तेच एमएसजी, यांच्यापलीकडे गेली नाही. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, नूडल्सच्या मसाल्यात जलविघटित शेंगदाणा प्रथिनातून आपोआप येतं. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, एमएसजीत १२ टक्के. ज्याच्यावर ओरड झाली त्याच्यात सोडियम तिपटीने कमी, आणि ज्याचा कोणी उच्चार केला नाही ते पुडीत ठाण मांडून बसलेलं. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. कोरियात चरबी, भारतात शिसं, डेन्मार्कमध्ये मिरची, अशी तीन देशांत तीन वेळा वरात निघाली. प्रत्येक वेळी पाकीट मूळच्याच तक्त्यासह फळीवर परत आलं.

फळीवर, म्हणजे आता अगदी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा. पुण्यात हे सहज पाहायला मिळतं. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे कोरियन कुटुंबं शहरात आली आणि त्यांच्या वाणसामानाची गरज आली. टाळेबंदीच्या काळात कोरियन मालिकांनी घरोघरी बस्तान मांडलं. मग पोरं विचारू लागली, "काका, टू-एक्स आहे का?" काकांनीही मागवायला सुरुवात केली. शंभराच्या वरचं पाकीट महिन्याच्या खर्चातून घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून भारतीय कंपन्यांनी स्वस्तातल्या 'कोरियन' चवी काढल्या. दुकानात उभं राहून पाहिलं तर घेणारं पोरगं पुढची कोंबडी बघतं, किंमत बघतं, फार तर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण ते बघतं. पाकीट उलटं करणारा ग्राहक विरळा.

उलटं केलं तरी एक गोष्ट दिसणार नाही. चोथ्याचा, म्हणजे तंतुमय पदार्थांचा रकाना. तो कोरियात सक्तीचा नाही आणि भारतातही नाही. जे नाही ते छापायची गरजही नाही, असा हा सोयीचा नियम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक कोष्टकात शंभर ग्रॅम मैद्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत आणि ज्वारीत दहा ग्रॅमच्या वर. लोह मैद्यात पावणेदोन मिलिग्रॅम, ज्वारीत चारच्या जवळ. प्रथिनं मात्र दोन्हींत सारखी, दहा ग्रॅमच्या आसपास. म्हणून 'नूडल्समध्ये प्रथिनंच नाहीत' हा आयांचा आरोप टिकत नाही. गव्हाच्या प्रथिनात लायसीन कमी, एवढीच उणीव. अंडं फोडून घातलं की ती भरून निघते.

ठेचा-भाकरी आणि बुलदाक शेजारी मांडले तर तिखट दोन्हीकडे आहे. ठेच्यात मिठाचा खडा असतो, पण तो घालणाऱ्याच्या हातात असतो. शेंगदाणा आणि लसूण आहे, खाली भाकरी आहे. जाळ तोच, पण त्याच्या खाली जेवण आहे. हे लिहिताना मी गावाकडच्या आठवणीने गहिवरलेलो नाही. ठेचा-भाकरी करायला चूल, पीठ, हात आणि अर्धा तास लागतो. खोलीवर इंडक्शनची एक शेगडी असलेल्या आणि मेस रविवारी रात्री बंद असलेल्या मुलीला ती सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे.

तिला सांगण्यासारखं वेगळं आहे, आणि बऱ्याच जणींना ते अनुभवाने कळलेलंही आहे. पुडी अर्धीच घालायची. मिठाचा मोठा साठा तिच्यात असल्याने अर्धी पुडी वाचवणं हा सगळ्यांत मोठा फरक पाडणारा उपाय. तिखट कमी पडलं तर वरून मिरची चिरून घालायची, त्याला सोडियमचा दंड नाही. अंडं, मटार, कोबी, मूठभर मोड आलेले मूग. चीजची चकती घालायची पद्धत मात्र जरा हिशोबाने. ती तिखट शमवते खरी, पण स्वतःचं मीठ आणि संपृक्त चरबी घेऊन येते. 'तळलेले नाहीत' असं लिहिलेले गरम हवेत वाळवलेले नूडल्स कॅलरीत खरोखर कमी भरतात. शिन राम्यनचा तसा प्रकार २०१९मध्ये आला, ५००च्या जागी साडेतीनशे कॅलरीचा. पण मसाल्याची पुडी तिथेही असतेच, म्हणून सोडियमचा आकडा वेगळा वाचावा लागतो. 'आटा' लिहिलेल्या पाकिटाचंही तसंच.

किती वेळा खाल्लं तर बिघडतं? कोरियातल्या १०,७११ प्रौढांच्या आरोग्य पाहणीवरून २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा झटपट नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांत चयापचयाचा विकारसमूह, म्हणजे वाढलेलं पोट, रक्तदाब, साखर आणि चरबी यांचं एकत्र दुखणं, असण्याची शक्यता ६८ टक्क्यांनी जास्त आढळली. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही. नूडल्स खाणारी बाई बाकी काय खाते, किती झोपते, किती तास उभी राहून काम करते, हेही त्यात मिसळलेलं असतं. तरी 'कधीतरी' आणि 'आठवड्यातून दोनदा' यांतलं अंतर आपण समजतो त्याहून लहान आहे.

जगात वर्षाला १२० अब्जांहून अधिक वाट्या झटपट नूडल्स खाल्ले जातात. चीन आणि इंडोनेशियानंतर तिसरा क्रमांक आपला, आठ अब्जांच्या वर. एवढ्या पोटांचा प्रश्न घरोघरी अर्धी पुडी वाचवून सुटणार नाही. तो लेबलचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने मे २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला, त्यात नूडल्सही होते. शाळेच्या फाटकाबाहेरच्या दुकानापर्यंत तो पोचत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापण्याचा मसुदा काढला. वाईट घटकांचे गुण वजा आणि चांगल्यांचे जमा करून अर्ध्यापासून पाचापर्यंत तारे. मला यात सरळ खोट दिसते. मूठभर आटा आणि चिमूटभर वाळक्या भाजीच्या जोरावर मीठ झाकता येतं आणि तारा वाढतो. ग्राहकाला सरासरी नको आहे, इशारा हवा आहे. जुलै २०२४मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापायचा प्रस्ताव पुढे आला. एप्रिल २०२५मध्ये दर्शनी लेबलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा न्यायालयाने नियमांचं काम तीन महिन्यांत उरकायला सांगितलं.

चिली या देशाने हे २०१६मध्येच करून टाकलं. मर्यादा ओलांडली की पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन, आत दोन-तीन शब्द: सोडियम जास्त, संपृक्त चरबी जास्त, कॅलरी जास्त. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक करत २०१९पासून शंभर ग्रॅमला सोडियम ४०० मिलिग्रॅम, संपृक्त चरबी चार ग्रॅम आणि कॅलरी २७५ अशी ठेवली. बुलदाकच्या तक्त्याला १४०ने भागून शंभराने गुणलं तर सोडियम येतं ९१४, संपृक्त चरबी साडेपाचच्या वर, कॅलरी जवळपास ३८०. म्हणजे चिलीच्या मापाने कोंबडीच्या शेजारी तीन अष्टकोन. आणि हे माप लावायचंच ठरलं तर आपल्या ओळखीच्या पिवळ्या पाकिटालाही, ज्यात तिखट नावापुरतंच असतं, सोडियमचा अष्टकोन चुकत नाही.